दोन हजाराला तीन दिवस कमी

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभाग आणि धुतलेल्या चादरींचं कोठार यांच्या मधोमध एक खोली आहे. तिला खिडकी नाही, आत बारा महिने थंडी, आणि दारावर पाटी : परवानगीशिवाय आत येऊ नये. पाटी ही खोली सांभाळणाऱ्या ताईंनीच लावली होती, आणि लोक म्हणत की ती लावून त्या आत गेल्या त्या बावीस वर्षं बाहेर आल्याच नाहीत.

खोलीत इस्पितळाचे दोन मुख्य सर्व्हर होते. पहिल्यात सगळ्या रुग्णांच्या नोंदी. दुसरा त्या नोंदी वॉर्डात, प्रयोगशाळेत, औषधांच्या खिडकीवर पोचवायचा. डॉक्टर पडद्यावर एखाद्याचा रक्ताचा अहवाल बघत, तेव्हा तो या खोलीतून वर गेलेला असे. डॉक्टरांना त्याचा पत्ता नसे आणि ताईंची त्याला हरकत नसे. आपली आठवण कोणाला येत नाही याचा अर्थ सगळं ठीक चाललंय, असं त्यांचं गणित होतं.

कोपऱ्यात तिसरं एक मशीन होतं. त्या दोघांच्याच वर्षी घेतलेलं, त्याच बनावटीचं, पण कामाला न लावलेलं. त्याचं नाव म्हातारी. म्हातारीचं काम एकच, आधी चाखून बघणं. सर्व्हर ज्या मूळ सिस्टमवर चालतो तिची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते. बहुतेक आवृत्त्यांकडे बनवणारे नऊच महिने लक्ष देतात, दुरुस्त्या पाठवतात, आणि मग हात झटकून मोकळे होतात. दोन वर्षांतून एखादी अशी निघते की तिची काळजी सात वर्षं घेतली जाते. ताईंचा कायदा असा, की घ्यायची ती सात वर्षांवाली, आणि तीही निघाल्या निघाल्या नाही. वर्षभर जगाला वापरू द्यायची. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ताईंना जन्मभर मागचंच राहायचं होतं. वर्ष उलटलं की ती आवृत्ती म्हातारीवर चढवायची, खऱ्या कामाची नक्कल तिच्यावर सहा महिने चालवायची. म्हातारीनं मान डोलावली तरच मुख्य सर्व्हरना हात लावायचा.

कोणी काही नवं मागितलं की ताई म्हणत, "थांबा." त्यामुळे नाव पडलं थांबाताई. लिफ्टवाला तर म्हणायचा, लिफ्टचा ब्रेक गेला तरी हरकत नाही, थांबाताईंना आत घ्या, जागच्या जागी उभी राहील. ताईंच्या कानावर हे सगळं येत असे. त्या हसत, आणि स्वेटरची बटणं लावून कामाला बसत.

त्यांना एकच हौस होती. दाराच्या आतल्या बाजूला पांढरा फळा होता, त्यावर तीन आकडे. कोणतं मशीन एकदाही बंद न पडता सलग किती दिवस चालू आहे, त्याचे. रोज सकाळी पिशवी खुंटीला लावायची, अंगठ्याने शेवटचा अंक पुसायचा, आणि एक वाढवून लिहायचा. देवळाच्या पायऱ्या मोजणाऱ्या माणसासारखी तुझी गत आहे, असं नवरा म्हणायचा. म्हातारीचा आकडा सगळ्यांत मोठा होता, कारण चालू आवृत्ती तिच्यावर सगळ्यांच्या आधी चढली होती. पाच वर्षांहून जास्त ती थांबलेलीच नव्हती.

नवऱ्याचा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. त्याची एक खोड होती. दुरुस्त झालेलं मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तो ते तीनदा बंद करून तीनदा चालू करून दाखवायचा. गिऱ्हाईक घाईत असलं तरी. ताईंना त्याचं हसू यायचं. एकदा त्या म्हणाल्या, अहो, चालतंय ना, मग कशाला सारखं बंद करता? तो म्हणाला, "चालताना सगळीच मशीनं गुणाची असतात गं. उठवून बघितलं की कळतं, कोण खरंच बरं झालंय." ताईंनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. शिलाई मशीन कुठे आणि सर्व्हर कुठे.

त्या वर्षी चालू आवृत्तीची सात वर्षं संपत आली होती. वर्षअखेरीनंतर दुरुस्त्या बंद. आणि ताईंची निवृत्ती चार महिन्यांवर. म्हणजे आता जी आवृत्ती निवडायची ती त्यांच्या माघारी चालणार होती. हे एक काम नीट हातावेगळं करून जावं, मागे कोणी नाव ठेवू नये, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी चार पानी टिपण लिहिलं. दीड वर्षापूर्वी निघालेली, ठोकून-ठाकून पक्की झालेली सात वर्षांवाली आवृत्ती घ्यावी, असं त्यात होतं. अगदी ताजी आवृत्ती का नको, याची कारणंही होती. तिसऱ्या पानावर एक शंका होती : नव्या आवृत्तीतून जुन्या वस्तूंची ओळख काढून टाकतात, आपल्या मशीनमधली डिस्क जोडणारी कार्डं जुनी आहेत, ती चालतील का हे बघावं लागेल.

नवे अधीक्षक येऊन तीन महिने झाले होते. त्यांनी टिपण चाळलं आणि उलटं ठेवलं.

"मॅडम, दीड वर्षापूर्वीची? बाकीची इस्पितळं कुठल्या कुठे गेली."

"ती परत यायची वाट बघते मी," ताई म्हणाल्या.

साहेब हसले नाहीत. वरच्या कार्यालयाने रंगीत तक्त्यांचा एक कार्यक्रम पाठवला होता, आज किती रुग्ण, किती खाटा, सगळं एका पडद्यावर. तो ताज्या आवृत्तीवरच चालायचा. पुढच्या बैठकीत तो पडदा दाखवायचा होता. शिवाय त्यांनी बाहेरचा एक सल्लागार आणला होता, ज्याला इस्पितळातली एकही खोली नीट सापडत नव्हती पण कोणत्या खोलीत काय बदलायला हवं ते माहीत होतं. ताजी आवृत्ती नऊ महिन्यांचीच आहे, हे ताईंनी सांगितलं. सल्लागार म्हणाला, नऊ महिन्यांनी पुढची घेऊ. ताई म्हणाल्या, नव्याचे नऊ दिवस ऐकले होते, तुम्ही महिने केलेत, तेवढीच प्रगती.

शेवटी साहेबांनी विचारलं, मग काय केलं म्हणजे तुम्ही सही कराल? कारण तांत्रिक मान्यतेच्या रकान्यात सही ताईंचीच लागे. ताईंनी क्षणभर विचार केला. म्हातारी ही आवृत्ती पहिल्याच आठवड्यात थुंकून टाकेल, याची त्यांना खात्री होती.

"म्हातारीवर चालवते. ती हो म्हणाली, तर मी सही करीन."

"सहा महिने नाही हं. नव्वद दिवस."

"नव्वद तर नव्वद."

ताईंच्या हाताखाली एक मुलगी होती. मुलगी म्हणजे आता तिशी ओलांडलेली, पण व्हरांड्यात या दोघींना थोरल्या आणि धाकट्या जाऊबाई म्हणत, त्यातली ती धाकटी. आठ वर्षांपूर्वी आली तेव्हा वायर कुठली आणि दोरी कुठली ते कळत नव्हतं, असं ताईच सांगत. त्यांनी तिला पहिली गोष्ट शिकवली ती नोंदवही. जे केलं ते लिहायचं, जे विचारलं ते लिहायचं, जे उत्तर मिळालं ते लिहायचं. वहीच्या प्रत्येक पानावर ताईंनी आधीच शाईने आकडे घालून ठेवले होते, म्हणजे कोणी पान फाडलं तर कळावं. धाकटी गमतीत म्हणायची, ताई, मी शिंकले तर तेही लिहू का? ताई म्हणायच्या, मशीनवर शिंकलीस तर लिही.

एरवी नवी आवृत्ती म्हातारीवर कोरी पाटी करून, पहिल्यापासून चढवत. त्यात मशीन आपोआपच बंद होऊन चालू होई. यंदा वेळ कमी म्हणून धाकटीने ती चालत्या मशीनवरच चढवली. तशी सोय त्या आवृत्तीत होती. पण अशाने वरचं सगळं नवं होतं, आणि अगदी आतला गाभा मात्र मशीन एकदा बंद करून चालू करेपर्यंत जुनाच चालत राहतो. घराचा रंग नवा, दारं नवी, जमिनीखालचा पाया कालचाच. डिस्कना ओळखणारा भागही त्या गाभ्यातच असतो.

धाकटीने सहाव्या दिवशी विचारलं, "ताई, म्हातारीला रीस्टार्ट देऊ का? गाभा अजून जुनाच आहे."

ताईंची नजर फळ्यावर गेली. एक हजार नऊशे दहा. "थांब," त्या म्हणाल्या. "दोन हजार पुरे होऊ देत. मग दे."

इतकं साधं होतं ते. निवृत्तीच्या महिनाभर आधी दोन हजार होणार होते. त्या दिवशी फळ्यावर दोनावर तीन शून्यं काढायची, एवढीच त्या बाईची हौस. तिच्यासाठी कोणी हारतुरे आणणार नव्हतं. चाचणीचे नव्वद दिवस एक हजार नऊशे चौऱ्याण्णवला संपत होते, म्हणजे सहा दिवस कमी. पण इस्पितळात ठरलेल्या तारखेला काही होण्याची रीत नव्हती. साहेब महिनाभर तरी लांबवतील, दोन हजार होतील, रीस्टार्ट देऊ, बघू. असा हिशेब त्यांनी मनात केला आणि मनातच ठेवला.

म्हातारी थुंकली नाही. पहिला आठवडा गेला, पहिला महिना गेला. ताई रोज सकाळी आधी तिच्याकडे जात, सासू सुनेच्या स्वयंपाकात काही निघतंय का बघते तशा. काही निघेना. नोंदी येत होत्या, जात होत्या, रंगीत तक्ते झळकत होते. दुसऱ्या महिन्यात त्यांना कौतुक वाटायला लागलं. तिसऱ्यात त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या की आपलंच चुकलं बहुतेक, वय झालं की माणसाला नवं सगळं वाईटच दिसतं. जुन्या कार्डांची शंका त्यांनी टिपणात लाल शाईने खोडली आणि शेजारी लिहिलं : चाचणीत अडचण नाही. बंद करून चालू करणं त्यांच्या यादीत कधीच नव्हतं, कारण आजवर ते आपोआप होत आलं होतं. वहीत ते होतं, पण वही उलटून कोण बघतं.

नव्वदाव्या दिवशी साहेबांनी कागद खाली पाठवला. पहिल्यांदाच इस्पितळात काहीतरी तारखेबरहुकूम घडत होतं. येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळी बदल करायचा, असं त्यात होतं. ताईंनी पेन उचललं. धाकटी शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही. तिलाही आठवलं नव्हतं की आठवून ती गप्प बसली, हे ताईंनी नंतर पुष्कळदा मनात घोळवलं. त्या वेळी मात्र त्यांनी शब्द दिला होता म्हणून सही केली. बावीस वर्षांत घाईच्या कागदावर केलेली ती पहिली सही.

सुट्टीच्या सकाळी साहेब चहाचा कप घेऊन खाली आले. सल्लागार यादी घेऊन आला. दोन्ही सर्व्हरवर नवी आवृत्ती चढली. पहिल्यावर यादीप्रमाणे जुनं सगळं काढून जागा मोकळी केली. यादीतली पुढची ओळ होती : रीस्टार्ट. मुख्य सर्व्हर पाच वर्षांत पहिल्यांदा गप्प झाला. खोलीतला आवाज निम्मा झाला तसं साहेबांनी दचकून वर पाहिलं.

मग पडदा काळा, आणि त्यावर पांढरी एक ओळ. डिस्क सापडत नाही.

सल्लागार म्हणाला, होतं असं, पुन्हा करा. पुन्हा केलं. तीच ओळ. जुन्या कार्डांची ओळख बनवणाऱ्यांनी त्या आवृत्तीतून काढूनच टाकली होती. नोंदी डिस्कवर होत्या, डिस्क कपाटात होत्या, कपाट समोर होतं, आणि सर्व्हरला ते दिसत नव्हतं. जुना गाभा असता तर त्यावरून उठवता आलं असतं, पण तो पाच मिनिटांपूर्वी कचरा म्हणून काढला होता. यादीप्रमाणे धाकटीचा हात दुसऱ्या सर्व्हरकडे गेला.

"थांब," ताई म्हणाल्या.

हा 'थांब' बरोबर होता. दुसरा सर्व्हर चालूच राहिला. पण त्याच्याकडे नुसते पत्ते होते, घर पहिल्यात होतं.

"पण हे तर चाचणीत चाललं होतं ना?" साहेबांनी विचारलं. त्यांचा कप हातात तसाच होता.

ताई उठल्या आणि म्हातारीपाशी गेल्या. फळ्यावर सकाळीच लिहिलेला आकडा होता : एक हजार नऊशे सत्त्याण्णव. दोन हजाराला तीन दिवस कमी. त्यांनी स्वतःच्या हाताने आज्ञा लिहिली आणि म्हातारी बंद झाली. चालू झाली. काळ्या पडद्यावर तीच पांढरी ओळ आली. धाकटी नोंदवहीत लिहीत होती; वेळ, मशीन, काय दिसलं. अक्षर चांगलं येत होतं.

जुनी आवृत्ती पुन्हा पहिल्यापासून चढवून, आदल्या दिवशीच्या नकलेवरून नोंदी भरून, सगळं उभं करायला तीन दिवस गेले. ते तीन दिवस इस्पितळ कागदावर चाललं. ताई कागदपत्रांसाठी वर गेल्या तेव्हा व्हरांड्यात रांग होती. ज्यांचे अहवाल तयार होते पण दिसत नव्हते, त्यांचं रक्त पुन्हा काढत होते. एक म्हातारा गृहस्थ दंड पुढे करून बसला होता, शीर सापडत नव्हती, तिसऱ्यांदा सुई. त्याच्यावर दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती, ती आता पुढे गेली होती. तो परिचारिकेला म्हणाला, "तुमच्या मशीनला माझ्या रक्ताची चटक लागलेली दिसते." परिचारिका हसली. रांगेतले दोघे हसले. ताई कागद छातीशी धरून तिथून निघाल्या, आणि जिन्यात थांबून त्यांनी स्वेटर काढला.

चौकशी आठवड्याने ठेवली. आदल्या दिवशी दुपारी ताई एकट्याच खोलीत होत्या. त्यांनी नोंदवही उघडली आणि ते पान काढलं. धाकटीचं स्वच्छ अक्षर : रीस्टार्ट देऊ का, असे विचारले. ताई म्हणाल्या, थांब, दोन हजार पुरे होऊ देत. पान सुटं करायला दोन बोटं पुरली असती. कोपऱ्यात त्यांच्याच हातचा आकडा होता, ब्याऐंशी. मागे एक्याऐंशी, पुढे त्र्याऐंशी. त्यांनी वही मिटली.

चौकशीत वरच्या कार्यालयाचे अधिकारी, साहेब, सल्लागार, आणि या दोघी. म्हातारीवर रीस्टार्ट का दिला नाही, असा प्रश्न आला. ताई तोंड उघडणार तोच अधिकाऱ्यांनी वही धाकटीपुढे सरकवली आणि म्हणाले, तुमची नोंद आहे, तुम्हीच वाचा. तिने वाचली. दोन हजाराचा भागही वाचला, एक शब्द गाळला नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, दोन हजार म्हणजे काय? धाकटीने ताईंकडे पाहिलं.

"दिवस," ताई म्हणाल्या. "न थांबता चालल्याचे. फळ्यावर लिहायचे होते."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहून घेतलं. साहेबांनी मान खाली घातली होती, पण ओठाचा हसरा कोपरा ताईंना दिसला. ताजी आवृत्ती कोणाला हवी होती, हा प्रश्न त्या सबंध बैठकीत कोणी विचारला नाही. सही कोणाची, हा तीनदा विचारला.

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तुम्हीच शिकवलं होतंत."

"हो," ताई म्हणाल्या. "चांगलं शिकलीस."

ते कौतुक होतं की टोमणा, हे धाकटीला कळलं नाही. खरं तर ताईंनाही.

आठवड्याने सल्लागाराचा अहवाल आला. दीड वर्षापूर्वी निघालेली, पक्की झालेली सात वर्षांवाली आवृत्ती घ्यावी, अशी त्यात शिफारस होती. ताईंनी ती पानं ओळखली. वाक्यं त्यांचीच होती, एका ठिकाणी त्यांचीच शुद्धलेखनाची चूकही तशीच राहिली होती. बैठकीत साहेबांनी सांगितलं की तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार आता सावधपणे पुढे जात आहोत. काम धाकटीकडे दिलं. तिने ती आवृत्ती म्हातारीवर चढवली, पाच वेळा रीस्टार्ट दिला, आणि पाचही वेळा वहीत लिहिलं. फळा पुसून तिथे रजेचं वेळापत्रक लावलं होतं.

शेवटचे दिवस ताईंना चादरींच्या कोठाराशेजारच्या टेबलावर काढावे लागले, जुन्या फायली लावत. निरोपाला साहेब बाहेरगावी होते. लिफ्टवाल्याने मात्र लिफ्ट थांबवून दार धरून ठेवलं. तो काही विनोद करील असं ताईंना वाटलं होतं. त्याने केला नाही, आणि तेच त्यांना लागलं.

आता त्या घरी असतात. नवऱ्याने घडल्या गोष्टीबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. मी म्हणालो होतो, असं तो एकदा म्हणाला असता तर त्यांना भांडता तरी आलं असतं. परवा एक बाई मशीन न्यायला आली. ताई आतल्या दारात भाजी निवडत होत्या. नवऱ्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मशीन फडक्याने पुसलं, आणि न चालवताच त्या बाईपुढे सरकवलं.

ताईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "तीनदा दाखवा त्यांना," त्या म्हणाल्या.

तो म्हणाला, अगं, घाईत आहेत त्या.

"मग थांबतील."

त्याने मशीन ओढून घेतलं. चालू केलं, बंद केलं. चालू केलं, बंद केलं. तिसऱ्यांदा चालू व्हायच्या आधीच ताई उठून आत गेल्या होत्या, आणि नळ मोठा सोडला होता.